बूट मापाचा, तरी पाय का दुखतो?

नंबर बरोबर आहे, दुकानात घालून दोन फेऱ्याही मारल्या होत्या, मग पळताना पाय का दुखतो? नवे स्पोर्ट्स शूज घेतलेला माणूस महिन्याभरात हा प्रश्न कुणाला ना कुणाला विचारतोच. उत्तरंही ठरलेली मिळतात. बूट अजून रुळला नाही, मोजे जाड घे, एक नंबर मोठा घ्यायला हवा होता, कंपनी बदल. ‘लेस काढून वेगळ्या पद्धतीने ओवून बघ’ असं सांगणारा क्वचितच भेटतो.

बुटाचा तळ, टाच, कापड, शिवण हे सगळं कारखान्यात कायमचं ठरून येतं. पैसे दिल्यानंतर घालणाऱ्याच्या हातात बदलण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे लेस. आणि नेमकी तीच आपण दुकानातून जशी आली तशी बूट फाटेपर्यंत ठेवतो. कित्येक जण तर ती सोडायचेही कष्ट घेत नाहीत. गाठ तशीच ठेवून, बुटाची मागची कड चिरडत टाच आत रेटतात आणि मग बूट ढिला पडला म्हणून कुरकुरतात.

१. नंबर सांगतो ती फक्त लांबी

बुटावर छापलेला आठ किंवा नऊ हा आकडा मुख्यतः लांबीचा असतो. काही कंपन्या एकाच लांबीत वेगवेगळ्या रुंदीचे बूट काढतात, पण आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत ते दिसत नाहीत. पावलं मात्र अशी एकाच साच्यातून निघत नाहीत. कुणाचा पंजा पसरट आणि टाच निमुळती असते, कुणाच्या पावलाची वरची बाजू उंच असते, कुणाचा तळवा सपाट. एकाच माणसाचं डावं आणि उजवं पाऊलही तंतोतंत सारखं नसतं. शिवाय दिवसभर उभं राहून, चालून संध्याकाळपर्यंत पाऊल थोडं फुगतं, आणि लांब पळताना आणखी. म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी ठेवावी.

मिरकरवाड्यासारख्या ठिकाणी यात आणखी एका गोष्टीची भर पडते. रत्नदुर्ग, म्हणजे रत्नागिरीकरांचा भगवती किल्ला, त्याच्या शेजारचं हे मासेमारी बंदर. होडीवर, धक्क्यावर आणि पुळणीवर इथला वावर अनवाणी, नाहीतर चपलेत. अशा वावराचा पावलाच्या आकाराशी काय संबंध असतो, हे बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठातले क्रिस्टियान दाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. त्यांनी दक्षिण भारतातल्या कायम अनवाणी चालणाऱ्या लोकांची पावलं बूट-चपला वापरणाऱ्या भारतीयांशी आणि पाश्चात्त्य लोकांशी ताडून पाहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार अनवाणी चालणाऱ्यांचा पंजा तुलनेने रुंद होता आणि चालताना तळव्यावरचा भार अधिक समान वाटला जात होता. धक्क्यावर वाढलेल्या मुलाला आठ नंबरचा बूट लांबीला बसतो आणि पंज्याला काचतो, यात म्हणूनच नवल नाही.

जाता जाता एक आकडा. याच पश्चिम किनाऱ्यावर आणखी दक्षिणेला, मणिपालच्या डॉक्टर राव आणि डॉक्टर जोसेफ यांनी २,३०० मुलांची पावलं तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. पोरगं अनवाणी हुंदडतं म्हणून ओरडणाऱ्या आईबापांनी थोडा धीर धरायला हरकत नाही.

पंजा रुंद असला तरी काचेवर, खडीवर आणि तापलेल्या डांबरावर पळायला बूट लागतोच. तो पावलाशी जुळवून घ्यायचा कसा, हे समजायला आधी लेसचं काम समजून घ्यावं लागतं.

२. लेस ओढते कुठे आणि दाबते कुठे?

लेस एकाच वेळी दोन कामं करते. बुटाच्या दोन बाजू एकमेकींकडे ओढते आणि त्यांच्या मधली कापडी जीभ पावलावर दाबते. पहिलं काम पाऊल जागेवर धरून ठेवण्यासाठी. दुसऱ्यातून दुखणं सुरू होतं, कारण पावलाच्या वरच्या बाजूला मांस फारसं नाही. बोटं वर उचलणाऱ्या कंडरा, नसा आणि रक्तवाहिनी तिथे कातडीच्या अगदी खालून जातात. लेसची एक फुली नेमकी त्यांच्यावर पडली आणि आवळली गेली, की तासाभरात बोटांना मुंग्या येतात.

आता एक नेहमीची चूक. बहुतेक लोक बुटात पाय घालतात, लेसची दोन्ही टोकं धरून वरून एक जोराचा हिसका देतात आणि गाठ मारतात. वरून ओढलं की सगळीकडे सारखं आवळलं जाईल, ही समजूत. प्रत्यक्षात तसं होत नाही, आणि का होत नाही हे धक्क्यावर बघायला मिळतं. होडी बांधताना खलाशी दोर खांबाभोवती दोन-तीन वळसे गुंडाळतो. दोराचं एक टोक होडी ओढत असते, दुसरं तो नुसतं हातात धरून उभा असतो. प्रत्येक वळशाबरोबर घर्षण इतकं वाढत जातं, की होडीच्या ओढीचा अगदी थोडा भाग त्याच्या हातापर्यंत पोहोचतो. लेस प्रत्येक भोकात अशीच वळते. सहा जोड्या ओलांडून वरचा हिसका पंज्यापर्यंत पोचेस्तोवर त्यात फारसा जोर उरत नाही. परिणाम असा, की घोट्याजवळ बूट करकचून आवळलेला आणि पंज्याजवळ ढिला.

उपाय बिनखर्चाचा आहे. पाय घालण्याआधी लेस खालपर्यंत सैल करावी. पाय घातल्यावर टाच जमिनीवर हलकेच आपटून मागे नीट बसवावी. मग बोटांकडून सुरुवात करून एकेक फुली हवी तेवढी ओढत वर यावं. पंज्याजवळ थोडी सैल, मध्ये बेताची, घोट्याजवळ घट्ट. पंधरा-वीस सेकंदांचं काम. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, पुढची कलाकुसर लागतही नाही.

३. ओवण्याचे ४३,२०० मार्ग

लेसची कल्पना फार जुनी आहे. आर्मेनियातल्या आरेनी नावाच्या गावाजवळच्या गुहेत २००८ मध्ये चामड्याचा एक बूट सापडला. तो सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा ठरला, आणि तो पायावर आवळायला चामड्याचीच वादी ओवलेली होती.

इतक्या वर्षांत लेस ओवण्याच्या किती पद्धती निघाल्या असतील? ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातले गणितज्ञ बुर्कार्ड पोल्स्टर यांनी हा प्रश्न गणिताने सोडवला आणि डिसेंबर २००२ मध्ये ‘नेचर’सारख्या दबदबा असलेल्या नियतकालिकात उत्तर छापून आणलं. भोकांच्या सहा जोड्या असतील आणि प्रत्येक भोकाने दोन बाजू जवळ ओढायला हातभार लावायचा अशी अट असेल, तर ४३,२०० वेगवेगळे मार्ग निघतात. त्यात सर्वांत कमी लेस लागणारी पद्धत वेगळीच आहे, ती फारसं कुणी वापरत नाही. सर्वांत जास्त ताकदीने ओढणाऱ्या पद्धती मात्र दोनच निघाल्या: नेहमीची फुल्यांची आणि आडव्या सरळ पट्ट्यांची. दोन्हींपैकी कोणती सरस, हे भोकांमधल्या अंतरावर अवलंबून. म्हणजे बुटाच्या खोक्यातून येणारी फुल्यांची पद्धत वाईट नाही. ज्याला काही दुखत नाही, त्याने ती बदलायच्या भानगडीत पडू नये.

इंटरनेटवर तारे, शिड्या आणि कोळ्याची जाळी अशा नाना नक्ष्या दिसतात. त्यातल्या बऱ्याचशा शोभेच्या. पायाला उपयोगी पडणाऱ्या पद्धती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

४. दुखतं कुठे, त्यावर ठरतं

टाच वर-खाली होते. पळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. टाच उचलली जाते, मागे कातडी सोलवटते, फोड येतो. माणूस लेस आणखी आवळतो आणि आता पाऊल वरूनही दुखतं. यावरचा उपाय बहुतेक स्पोर्ट्स शूजमध्ये आधीच करून ठेवलेला असतो. घोट्याजवळ, बाकीच्या ओळीपासून किंचित मागे, एक जादा भोक असतं. बहुतेकांना ते कशासाठी आहे हेच ठाऊक नसतं, म्हणून ते रिकामं राहतं.

त्याचा वापर असा. नेहमीसारख्या फुल्या घालत शेवटून दुसऱ्या भोकापर्यंत यावं. लेस तिथून बाहेर निघाली, की समोरच्या बाजूला न नेता त्याच बाजूच्या जादा भोकातून बाहेरून आत घालावी. ती पुरती ओढू नये, बाहेर करंगळी जाईल एवढं छोटं कडं राहू द्यावं. दुसऱ्या बाजूलाही तसंच करावं. मग उजवं टोक जिभेवरून नेऊन डाव्या कड्यात ओवावं, डावं टोक उजव्या कड्यात. दोन्ही टोकं आधी बाजूला आणि खाली ओढावीत, कडी आवळली जातील. मग नेहमीची गाठ. याला ‘हील लॉक’ म्हणतात. यात घोट्याची पकड वाढते आणि टाच मागच्या खोबणीत दाबून बसते. मधल्या फुल्या मात्र बेताच्याच ठेवता येतात. पद्धतीला लेस थोडी जास्त लागते. सहा-सात जोड्यांच्या बुटाची साधारण १२० सेंटिमीटरची लेस पुरते, पण आखूड असेल तर बदलून घ्यावी.

या जादा, म्हणजे सहा जोड्यांनंतरच्या सातव्या भोकाचा फायदा मोजूनही पाहिला गेला आहे. जर्मनीतल्या ड्युइसबुर्ग-एसेन विद्यापीठाचे मार्को हागेन आणि एवाल्ड हेन्निग यांनी टाचेवर उतरणाऱ्या २० अनुभवी धावपटूंना सहा वेगवेगळ्या बांधण्यांत पळवलं. अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सहा जोड्यांऐवजी सातव्यापर्यंत बांधल्यावर टाचेखालचा दाब आणि आपटल्यावर पायावर भार चढण्याचा वेग दोन्ही कमी झाले. धावपटूंना मात्र आरामात काही फरक जाणवला नाही. म्हणजे अंगाला फायदा होत होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पावलाच्या वरच्या बाजूला काचतं. समजा भोकांच्या सहा जोड्या आहेत. तळाशी एक आडवी पट्टी आणि तिच्यावर पाच फुल्या, अशी रचना असते. बोटाने चाचपून बघितलं तर दुखरी जागा तिसऱ्या आणि चौथ्या जोडीच्या मधोमध आहे. तर नेमकी तीच फुली काढून टाकायची. तिसऱ्या जोडीपर्यंत लेस सोडावी आणि तिथून प्रत्येक टोक समोर न नेता त्याच बाजूने सरळ वर चौथ्या भोकात घालावं. पुढे पुन्हा फुल्या. पाचच्या चार झाल्या, आणि दुखऱ्या जागेवर एक मोकळी खिडकी राहिली. ज्यांच्या पावलाची वरची बाजू मुळातच उंच आहे, त्यांना एक खिडकी पुरत नाही. त्यांनी फुल्या सोडून आडव्या पट्ट्यांची पद्धत करून बघावी.

पंजा दबतो. वर सांगितलेल्या रुंद पावलांची ही अडचण. तळाच्या दोन जोड्यांमध्ये फुली न घालता लेस बाजूने सरळ वर न्यावी, किंवा पहिली जोडी रिकामी सोडून दुसरीपासून ओवायला सुरुवात करावी. बोटांच्या मुळाशी बूट उघडतो. करंगळीला किंवा अंगठ्याच्या मुळाशी आलेल्या गाठीला तेवढ्याने आराम पडतो.

अंगठ्याचं नख काळं पडतं. यासाठी एक प्रसिद्ध युक्ती सांगितली जाते. लेसचं एक टोक अंगठ्याजवळच्या भोकातून थेट समोरच्या सर्वांत वरच्या भोकात न्यायचं आणि उरलेल्या लेसने बाकीची भोकं नागमोडी भरायची. ते टोक ओढलं की बुटाचं नाक अंगठ्यावरून किंचित उचललं जातं. जुन्या जाड चामड्याच्या बुटात याचा उपयोग होत असेल. आजच्या पातळ जाळीदार कापडात फार काही उचललं जाताना दिसत नाही. नख काळं पडण्याची खरी कारणं बहुधा दोन: बूट आखूड आहे, किंवा उतारावर पाऊल पुढे घसरून बोटं आपटतात. किल्ल्यावरून पळत खाली उतरणाऱ्याला दुसरं कारण जास्त लागू. त्याने नाक उचलत बसण्यापेक्षा हील लॉकने टाच मागे अडकवावी.

५. चांगली बांधलेली लेस सुटते का?

१६ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये उसेन बोल्टने १०० मीटर ९.६९ सेकंदांत पळून विश्वविक्रम केला, तेव्हा त्याच्या डाव्या बुटाची लेस सुटलेली होती. तो बोल्ट होता, आणि शर्यत दहा सेकंदांच्या आत संपली. बाकीच्यांना हे परवडत नाही.

महाराष्ट्र पोलीस भरतीचंच बघू. पुरुषांच्या १६०० मीटर धावण्याला २० गुण असतात. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं तर पैकीच्या पैकी, त्यानंतर ५ मिनिटं ३० सेकंदांपर्यंत १८. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर सराव करून एखादा मुलगा ५ मिनिटं ५ सेकंदांपर्यंत आला आहे असं धरू. भरतीच्या दिवशी लेस सुटली, वाकून बांधायला आणि पुन्हा वेग धरायला दहा सेकंद गेले. वेळ ५:१५, गुण १८. एकेका गुणाला यादीत किती जण मागे पडतात, हे भरती देणाऱ्यांना सांगायला नको.

लेस सुटते कशी, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या ख्रिस्तोफर डेली-डायमंड, क्रिस्टीन ग्रेग आणि ऑलिव्हर ओ’रायली यांनी मंदगती कॅमेऱ्याने टिपलं आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं. पळताना पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसतो. त्याने गाठ ताणली जाते आणि सैल होते. पाय पुढे-मागे झुलताना लेसची मोकळी टोकं फटकारे मारतात आणि गाठीतून लेस बाहेर खेचतात. बराच वेळ काहीच होत नाही. एकदा का टोक सरकायला लागलं, की काही सेकंदांत सगळं सुटतं. म्हणून ‘आत्ताच तर घट्ट होती’ असं वाटतं.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. बो, म्हणजे दोन पात्यांची नेहमीची गाठ, दिसायला सारखाच असला तरी तो दोन प्रकारे बांधला जातो, आणि त्यातला एक बराच कमजोर असतो. आपला कोणता, हे ओळखायला बूट बांधून वरून बघावं. बोची दोन पाती बुटाला आडवी, डावी-उजवीकडे पसरली असतील तर गाठ पक्की. एक पातं बोटांकडे आणि एक घोट्याकडे वळत असेल तर गाठ कच्ची. दुरुस्ती सोपी: पहिली साधी अढी घालताना जे टोक वर ठेवायची सवय आहे, त्याच्या उलट टोक वर घ्यायचं. पुढचं सगळं नेहमीसारखंच. मिरकरवाड्यात जाळी तुणणारे हात गाठीत दोर वरून गेला की खालून, यात डोळे मिटूनही चुकत नाहीत. त्याच घरातली पोरं बुटाला मात्र कच्ची गाठ मारून मैदानात उतरतात.

६. पावसातली आणि खाऱ्या हवेतली लेस

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि उरलेले महिने हवा खारी आणि दमट. सुती लेस भिजली की फुगते आणि गाठ नखाने सुटेनाशी होते. गोल, गुळगुळीत नायलॉनची लेस फारसं पाणी धरत नाही, पण गाठीतून चटकन सरकते. पावसाळ्यात पळणाऱ्याला चपटी, खडबडीत विणीची पॉलिएस्टरची लेस बरी. गोलच लेस असेल तर गाठीवर आणखी एक गाठ मारावी.

ओल्या बुटांची खरी परीक्षा स्टीपलचेसमध्ये होते. ३,००० मीटरच्या या शर्यतीत २८ अडथळे आणि त्याशिवाय ७ वेळा पाण्यात उडी. महाराष्ट्राला या प्रकारात मोठी परंपरा लाभली आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहावी आली. बीडच्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेतलं. ललिता ज्या अंतिम फेरीत पळाली, तिच्यातच इथिओपियाची एतेनेश दिरो होती. प्राथमिक फेरीत धक्काबुक्कीत दिरोचा उजवा बूट पायातून निघाला. तिने तो पुन्हा चढवायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा बूट आणि मोजा फेकून देऊन एका अनवाणी पायाने तिने शर्यत पुरी केली. पुढे दाद मागितल्यावर तिला अंतिम फेरीत घेण्यात आलं.

पुळणीवर पळणाऱ्यांसाठी एक घरगुती काम. मीठ आणि वाळूचे कण लेसच्या विणीत अडकतात आणि भोकाच्या कडेशी घासून ती कुरतडतात. आठवड्यातून एकदा लेस काढून गोड्या पाण्यात धुवावी आणि सावलीत वाळवावी. टोकाचं प्लॅस्टिक निघून लेस पिंजली असेल तर टोकावर चिकटपट्टी आवळून गुंडाळली की काम भागतं.

७. लेसच्या हातात नसलेलं

लेसने आखूड बूट लांब होत नाही. झिजलेला तळ परत उसळत नाही. लेस सैल करूनही बोटांचा बधिरपणा जात नसेल, टाचेत सकाळी पहिलं पाऊल टाकताना कळ येत असेल, किंवा एकाच ठिकाणी हाडावर दुखत असेल, तर ओवण्याच्या पद्धती बदलत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं. मधुमेह असलेल्यांनी तर विशेष जपावं. पावलाची संवेदना कमी झालेली असली तर लेस काचते आहे हेच कळत नाही. त्यांनी बूट काढल्यावर रोज पावलाकडे बघावं, आणि कातडीवर लेसचा लाल वळ दिसला तर दुसऱ्या दिवशी बांधणी सैल करावी.

नवी पद्धत एका वेळी एकच आणि आधी छोट्या अंतरावर करून बघावी. आणि नवे बूट घ्यायला जाल तेव्हा दुकानातच लेस खालपर्यंत सैल करा, बोटांकडून आवळत वर या, सातव्या भोकापर्यंत बांधा आणि जिना उतरून बघा. एवढं करूनही टाच उचलली जात असेल किंवा बोटं पुढे आपटत असतील, तर तो बूट तुमचा नाही. पैसे देण्याआधीच परत करा.